कारण स्पष्ट करावे

सहादूनानांचं नाव संघाच्या रजिस्टरातून मीच कापलं. लाल शाईनं, पट्टी लावून. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या देवळा गावात आता जो तो अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडतोय आणि मला म्हणतोय, तुम्ही बिचारे काय करणार. बिचारा कसला? हात माझाच होता.

मी गोरक्ष. फौजेत चोवीस वर्षं कारकुनी केली, हवालदार होऊन घरी आलो आणि माजी सैनिक संघाची हजेरी माझ्या गळ्यात पडली. नाना माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, पायदळातले. संघ त्यांनीच उभा केला, तीस वर्षांपूर्वी, तोही रागाच्या भरात. बहिरू म्हणून एक म्हातारा फौजी बसस्टँडमागच्या खोलीत एकटाच वारला. नाना पोचले तर तिरडी बांधून तयार आणि खांदा द्यायला नानांना धरून तिघंच. मग कुणीतरी स्टँडवरून एक रिक्षावाला बोलावून आणला. माणूस भला, त्यानं खांदा दिला, पण सारखा मागं वळून रिक्षाकडे बघत होता. नाना पेटले. "ज्यानं सरहद्दीवर उमर काढली त्याला चौथा खांदा स्टँडवरून आणायचा? लाज वाटली पाहिजे आपल्याला," असं स्मशानातच बोलले. पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानावर अकरा फौजी जमवले आणि संघ सुरू झाला.

नियमही त्यांचेच. संघातल्या कुणाच्या घरी मयत झाली की तासाभरात अकरा जण दारात, टोपी आणि पदकांसह. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला मैदानावर फॉल-इन, म्हणजे रांगेत उभं राहून हजेरी. यायला जमणार नसेल तर आधी लेखी अर्ज द्यायचा. अर्जाविना तीनदा गैरहजर राहिलं की नाव कट, आणि नाव कट झालं की त्याच्या दारी संघ जायचा नाही. फक्त सव्वीस जानेवारीला पुढच्या खुर्चीत बसायला येणारे नानांना नको होते. त्यांचा साडू केरू असाच. दर महिन्याला 'घरगुती कारण' एवढं लिहून पाठवायचा आणि आठपर्यंत घोरत पडायचा. नानांनी नियमात एक ओळ वाढवली: 'घरगुती कारण' चालणार नाही, कारण स्पष्ट लिहावे. आणि केरूचं नाव स्वतःच्या हातानं कापलं. नानांच्या पत्नी चांगुणावहिनी, त्यांची सख्खी बहीण म्हणजे केरूची बायको; ती त्यावरून दोन वर्षं नानांचा उंबरा चढली नाही. नाना म्हणाले, "नियम म्हंजे नियम शे."

खांदा द्यायचं काम आधी फौजींपुरतं होतं, मग गावाचं झालं. बेवारस मिळालेला असो, हायवेवर ट्रकखाली सापडलेला परगावचा असो, पोलीस आधी नानांना फोन करायचे. करोनात तर भल्याभल्यांची पोरं बापाच्या तिरडीजवळ येईनात. नानांनी त्रेचाळीस दिवस स्मशानात काढले. जात विचारली नाही, आडनाव विचारलं नाही. घरी आले की बाहेरच्या मोरीवर आंघोळ, आणि वहिनी लांबून ताट सरकवायच्या. आम्ही बाकीचे आलटूनपालटून जायचो आणि आपण लय मोठं काम करतो असं घरी सांगायचो.

वहिनींचं सांगितल्याशिवाय नानांचं सांगून होत नाही. दर फॉल-इनला त्या मैदानावर चहाची किटली घेऊन यायच्या. कुणाला साखर चालत नाही, कुणाला आलं लागत नाही, सगळं पाठ. "भाऊ, तुमचा बिनसाखरेचा," म्हणत माझा कप वेगळा काढायच्या. त्यांना मुलगा नाही. एकच मुलगी, अंजली, ती दिंडोरीला दिलेली. कुणी त्यावरून हळहळलं तर नाना चिडायचे. "मी गेलो काय अन् ही गेली काय, खांद्याला संघ शे ना." त्या माणसानं आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

तीन वर्षांपूर्वी वय झालं म्हणून त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि दीपकराव आले. सुभेदार होऊन आलेले, बोलायला चटपटीत. बॅनर, ब्लेझर, ग्रुपवर फोटो. माणूस वाईट नाही, पण काम चिमूटभर आणि गाजावाजा पोतंभर.

गेल्या वर्षी वहिनींना विसर पडायला लागला. आधी नावं गेली, मग दिवस गेले, मग नवरा गेला. राहिलं ते एकच. पहाटे उठून अकरा जणांचा चहा टाकायचा. गॅस उघडा, वर पातेलं रिकामं. एकदा नुसत्या परकरावर किटली घेऊन मैदानाच्या वाटेला लागल्या, दूधवाल्यानं परत आणलं. तेव्हापासून पहाटे नाना दाराला आतून कुलूप लावून दारातच बसायचे. हे मला आज माहीत आहे. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की वहिनींचे गुडघे दुखतात. नानांनी कुणापुढं तोंड उघडलं नाही. बायकोची लाज चव्हाट्यावर मांडणाऱ्यातले ते नव्हते.

नोव्हेंबरच्या फॉल-इनला नानांचा अर्ज आला, एकरेघी कागदावर. 'घरगुती कारणास्तव हजर राहू शकत नाही. माफी असावी.' मला हसू आलं. म्हटलं, बघा, ज्यानं नियम केला तोच विसरला. रांगेत सगळ्यांना वाचून दाखवला. सगळे हसले. मग मी त्यावर लाल शाईत शेरा मारला, 'कारण स्पष्ट करावे', आणि अर्ज परत पाठवला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं नाना खूश होतील. त्यांनीच तयार केलेला माणूस, त्यांनाही सवलत देत नाही म्हणून पाठ थोपटतील.

डिसेंबरला अर्ज नाही, जानेवारीला नाही. माझ्या घरापासून नानांचं घर चालत सात मिनिटांवर. पण जाऊन विचारावं असं नियमात कुठं लिहिलं होतं? अर्ज परत गेलेला, म्हणून नोव्हेंबरही गैरहजेरीतच धरला. तीन भरल्या. दीपकराव म्हणाले, "साडूला लावला तो नियम त्यांनाही लावा. नाहीतर लोक नावं ठेवतील." रांगेत वीस माणसं होती. नानांनी यातल्या निम्म्यांच्या आईबापांना खांदा दिलेला. एकानंही तोंड उघडलं नाही, आणि मी पट्टी काढली.

पत्र घेऊन मीच गेलो. नानांनी दार वीतभर उघडलं. उभ्याउभ्या पत्र वाचलं, पोच म्हणून सही केली. "बरोबर शे," म्हणाले. तेवढ्यात आत काहीतरी भांडं पडलं. त्यांनी मागं पाहिलं आणि दार लावून घेतलं. मी ते भांडं ऐकलं. ऐकून घरी आलो. त्याच दुपारी दीपकरावांनी त्यांचा नंबर ग्रुपमधून काढला.

पुढं महिनाभरानं संघाला पुरस्कार मिळाला. कशाचा, तर अंत्यसंस्कार सेवेचा. स्टँडजवळच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला, आम्ही सगळे ब्लेझर घालून पाहुण्यांची वाट बघत दारात उभे. बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर अडकलेले. त्या गर्दीतून एक तिरडी आली. आम्ही सवयीनं टोप्या सारख्या केल्या. मग पुढच्या खांद्याला नाना दिसले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, एका हातानं बांबू धरलेला. त्यांच्या बाजूला शेजारचा एक जण, मागं जावई. आणि चौथा खाकी शर्टातला, स्टँडवरचा रिक्षावाला.

मी धावलो. "नाना, द्या इकडं."

ते थांबले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. "गोरक्ष, लाईन मोडू नको. ज्याचं नाव रजिस्टरातून कट झालं त्याच्या दारी संघ जात नाही. कापलं ना तू? मग पाळ नीट."

आवाज चढला नव्हता. मैदानावर हुकूम द्यायचे तेव्हा आवाज चढायचा, आज नाही. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी टोपी काढून मागून चालत राहिलो, नदीपर्यंत. अंजली रडत नव्हती. तिनं वाटेत मला सगळं सांगितलं, कुलूप, गॅस, परकर, दूधवाला. म्हणाली, "काका, आई शेवटपर्यंत विचारत होती, भाऊलोक चहा न घेता का गेले." परत येताना हॉलवरून आलो. आत टाळ्या वाजत होत्या.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं एक कागद आला. तोच नोव्हेंबरचा अर्ज, माझ्या लाल शेऱ्यासकट. शेऱ्याखाली नानांनी लिहिलं होतं. 'पत्नीला भ्रम झाला होता. पहाटे ती आपणा सर्वांसाठी चहा करून मैदानाकडे निघत असे. तिला एकटी सोडता येत नव्हतं म्हणून तीन फॉल-इनला गैरहजर होतो. आता ती वारली आहे.'

दीपकरावांनी वाचलं, कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "झालं गेलं ते गेलं. मंजूर लिहा आणि नानांना मानानं परत घेऊ. शाल देऊ, हवं तर घरी जाऊन देऊ."

मी कागद पुन्हा वाचला. परत घ्या असं त्यात कुठंच नव्हतं. खाली, सहीच्या वर, एवढंच होतं: 'कारण आता स्पष्ट झाले असल्यास तसे कळवावे.'