विष्णुक्रांतेची दुपार

खुरपणीच्या बायांची ती म्होरकी. नाव विचारायचं सुचलंच नाही, वैतागच एवढा होता. माझ्या सोयाबीनमधलं सगळं तण ती उपटायची, पण पाथीच्या, म्हणजे खुरपत जायच्या ओळीच्या, टोकाला विष्णुक्रांतेचं एक इवलं रोप मुद्दाम राखायची. त्याचं निळं फूल मिटलं, की सगळ्या बाया भाकरीला बसायच्या.

"मावशी, अजून बारा वाजले न्हाईत!"

"फुलाला ऊन कळतंय, मालक. तुमच्या घड्याळाला घाम येतो व्हय?"

चिडून एकदा सकाळी मी ते रोपच उपटलं. नऊलाच तिनं खुरपं ठेवलं.

"फूल दिसंना, मालक. म्हंजे मिटलंच की."

दुसऱ्या दिवशी बांधावरचं तसलंच रोप आणून मी माझ्याच सोयाबीनमध्ये लावलं. वर पाणीही घातलं.