चौकड्यांच्या चादरीवर तीन बटणं

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी मुलुंडला कॉलेजात होते. उजवा हात लुळा पडला. हलवत राहा, नाहीतर कायमचा जाईल, असं डॉक्टर बजावून गेले. पण घाटकोपरच्या आमच्या खोलीत बाबांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. बोलणंही बंद. आई भरवायला बसली की डोळे मिटून घ्यायचे. माशाची आमटी भातात कालवून बोटं चाटणारा माणूस तो! मला बघवत नव्हतं.

कॉलेजात कॉम्प्युटर एकच, तोही कुलपात. म्हणून गणिताच्या सरांनी त्यावरचा एक खेळ आम्हाला फळ्यावरच शिकवला होता. तो एका दुपारी मी बाबांच्या पायांवरच्या चौकड्यांच्या चादरीवर मांडला. आईच्या शिवणाच्या डब्यातली तीन बटणं, ओळीत. बटणाला, तिरपे धरून, दोन किंवा तीन शेजारी असले तर ते जगतं, नाहीतर मरतं. रिकाम्या घराला बरोब्बर तीन शेजारी मिळाले की तिथे नवं जन्मतं. म्हणजे कडेची दोन मरतात, मधल्याच्या वर-खाली दोन येतात. आडवी ओळ उभी होते, पुढच्या खेपेला परत आडवी. थांबतच नाही.

"हे मेलं, तेही मेलं," मी मोठ्याने म्हणत होते.

आई आतून कडाडली, "ते मेलं 'मेलं मेलं' बंद कर आधी! घरात आजारी माणूस आहे, कळत नाही?"

वाद घालायची सोय नव्हती. आमच्याकडे बांगडीसुद्धा फुटत नाही, 'वाढते'. मग मी तसंच सुरू केलं. "हे वाढलं," म्हणायचं आणि उचलायचं.

"वाढला म्हणतंस नि उचलतंस? ह्या खंयचा वाढणा गो?"

बाबा! जीभ जड, पण मान वळवून चादरीकडे बघत होते. मला हसता हसता रडूच आलं.

"मग तुम्हीच ठेवा ना," म्हणत मी बटण त्यांच्या उजव्या हाताशी सरकवलं. डावा पुढे आला, तो मी धरून ठेवला. बटण निसटलं, परत निसटलं. मग बसलं एकदाचं, जरा तिरकं.

पुढे रोज दुपारी तोच खेळ. त्या सरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी बाबांनी आईचा हात बाजूला केला आणि स्वतः भात कालवला. अर्धा ताटाबाहेर गेला. आई खाली वाकून सांडलेली शितं वेचत राहिली, वर न बघता.