आबांच्या जाळ्याचं शिसं

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गोदाकाठचे. अंबड तालुक्यात नदीला लागून आमचं गाव. तिथं ते फेकजाळं टाकून मासे धरायचे. फेकजाळ्याच्या घेराला शिशाचे मणी ओवलेले असतात. त्या वजनानं जाळं गोल उघडतं आणि तळाला जाऊन बसतं. हे मणी आबा घरीच ओतायचे, ओल्या मातीत काडीनं भोकं पाडून. एक मणी जाड व्हायचा, दुसरा बारीक. जाळं एका अंगानं आधी बुडायचं आणि तेवढ्यात मासा निसटायचा.

मी नदी सोडून जालन्याला आलो. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन चालवायचो. कॉम्प्युटरमध्ये आकडे भरले की ते मशीन आपलं आपण धातू कोरतं. आई गेल्यावर आबांना जुन्या जालन्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात घेऊन आलो. त्यांना करमायचं नाही. दिवसभर ओट्यावर जाळं विणत बसायचे. ते टाकायचं कुठं, हे मी कधी विचारलं नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट. मला तेव्हा एक खूळ लागलं होतं. भंगारातल्या प्रिंटरच्या मोटारी, ड्रॉवरचे सरकते रूळ, बंद पडलेल्या सायबर कॅफेतला एक कॉम्प्युटर असं जमवून मी घरीच एक छोटं सीएनसी मशीन उभं केलं. लाकूड बरं कोरायचं, सावकाश घेतलं तर ॲल्युमिनियमसुद्धा. पण कोरायचं काय, ते सुचत नव्हतं.

बायको आबांना मामा म्हणायची. ती म्हणाली, "दारावरच्या पाट्या किती करणार? मामांच्या जाळ्याला काहीतरी करून द्या."

मग मी साचा करायला घेतला. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, दोन्हींत मण्याचा अर्धा अर्धा आकार, वरून शिसं ओतायला वाट आणि मण्याला भोक राहावं म्हणून मधून एक सळई. पहिल्या साच्यात दोन्ही अर्धे जुळले नाहीत. दुसरा कोरताना पातं मोडलं. तिसरा बरोबर आला. शिसं चिकटू नये म्हणून आबांनी साच्याला आतून चिमणीची काजळी धरली, शिसं ओतलं, थोडं थांबून साचा उघडला. मण्यांची अख्खी ओळ बाहेर आली. आबांनी एक एक मणी बोटांत फिरवून पाहिला.

"सगळे बराबर हायेत," ते म्हणाले. "जल्मभर वाकड्या मण्यांवर जाळं टाकलं रे मी."

आई गेल्यापासून त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता. मला फार बरं वाटलं.

गावाकडच्या मच्छीमारांना मणी आवडले. मागणी वाढली तशी आबांनी मागची पत्र्याची खोलीच घेतली. भंगारवाल्याकडून जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटा यायच्या. आबा त्या फोडायचे, कढईत वितळवायचे. पावसाळ्यात दार लावून घ्यायचे, वितळलेल्या शिशात पाणी पडलं तर ते उडतं म्हणून. माझी चार वर्षांची मुलगी त्यांच्याजवळ बसून गार झालेले मणी डब्यात भरायची. कधी एखादा तोंडात धरायची.

आमच्या वर्कशॉपमध्ये शिशाचं काम उघड्या शेडमध्ये चालायचं. माणसं तोंडाला फडकं बांधायची, हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला शिवायची नाहीत. हे मी रोज पाहत होतो. घरी आल्यावर ते आठवायचं नाही, असं मला म्हणता येणार नाही.

दिवाळीनंतर आबांचं पोट दुखायला लागलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गॅसचं औषध दिलं. जेवण तुटलं. आबा चिडचिड करायला लागले, बोलता बोलता शब्द विसरायला लागले. आम्ही म्हणालो, वय झालं. मग एका सकाळी चहाची बशी त्यांच्या हातातून सुटली. उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता.

"उचलून राह्यलो," ते म्हणाले, "पर उठंना."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेनं निळसर रेघ होती. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं. "घरात लहान मूल आहे?"

दोघांचं रक्त पुण्याला पाठवलं. आबांच्या रक्तात शिसं खूपच होतं. मुलीच्या रक्तात त्याहून कमी, पण तिच्या वयाला नको तेवढं.

बायको ओरडली नाही. मुलीचे कपडे पिशवीत भरता भरता तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

"होतं."

"मंग?"

ती मुलीला घेऊन मंठ्याला माहेरी गेली. मी खोलीतली भुकटी ओल्या फडक्यानं टिपून काढली, जमीन खरवडली, कढई आणि प्लेटा बाहेर नेल्या. आबा दारात बसून पाहत होते. एकदाच म्हणाले, "पोरीला मीच बसवत होतो जवळ." त्यात माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

महिनाभरानं गावाकडचा एक मासेमारी करणारा आला. त्याला साचा हवा होता. उघड्यावर ओतीन, तोंड बांधीन, असं तो म्हणाला. मी द्यायला तयार झालो होतो. घरातून ती वस्तू गेली की सुटलो, असंच वाटत होतं.

आबा म्हणाले, "देऊ नको. भोकं पाड त्याला."

"आबा, तो काळजी घेतो म्हणतोय."

"त्याच्या घरात बी लेकरं हायेत. हा साचा असला की हात थांबत न्हाई. मला न्हाई थांबवता आला."

मी ड्रिल घेऊन त्या माणसासमोरच साच्याला आरपार भोकं पाडली. तो रागानं उठला. "तुमचं भागलं म्हणून आमचं मोडता," असं म्हणून निघून गेला. पुढं कळलं, तो मातीतच मणी ओततो. त्याला थांबवायला मी गेलो नाही.

बायको पाच महिन्यांनी परत आली. औषधांनी आबांचा हात अर्धा वर आला. भाकरी मोडता यायची, पण जाळं फेकायला मनगट लागतं, ते आलं नाही. तीन वर्षांनी ते गेले. मुलगी शाळेत जायला लागली. तिला वाचता लवकर आलं, पण गणित डोक्यात राहत नव्हतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, काही मुलांना वेळ लागतो. ते शिशामुळं की तिचा पिंडच तसा, हे कुठल्याच डॉक्टरांना सांगता आलं नाही. संध्याकाळी मी तिला पाढे शिकवायला बसायचो. ती चुकली की बायको भाकरी थापायची थांबायची, आणि मी तोच पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागायचो.