सात दिवसांचं पाणी

अर्धं अंतर चालून झालं तेव्हा भाऊजी कालव्याच्या कठड्यावर टेकले. म्हणाले, "थांब दोन मिनिटं. इंजिन तापलंय." इस्पितळ अजून तीन किलोमीटर होतं. मी म्हटलं, रिक्षा बघते. तर म्हणे, "उद्यापासून आडवंच पडायचंय की. आज चालू दे."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीनशे गुरांच्या गोठ्यावर जन्म गेला त्यांचा. आधी वीस वर्षं आजारी जनावरांना अँटिबायोटिकची इंजेक्शनं टोचली. त्यातलं बरंचसं औषध मुतातून तसंच बाहेर पडतं, हे त्यांना फार उशिरा कळलं. पुढे मालकानं गोठ्याच्या सांडपाण्यासाठी खडीचे वाफे बांधले, त्यात पाणकणसं लावली आणि राखणीला भाऊजींना ठेवलं. औषध जिरावं म्हणून पाणी त्या मुळांमध्ये सात दिवस ठेवायचं, मगच व्हॉल्व्ह फिरवून ओढ्यात सोडायचं. कुणी हसलं तर म्हणायचे, "बाळंतिणीला आणि या पाण्याला घाई करू नये."

एकदाच घाई झाली. टाकी तुडुंब भरली होती, गोठ्याचा मुकादम "उघडा, उघडा" करत डोक्यावर बसला, आणि भाऊजींनी तिसऱ्याच दिवशी पाणी सोडलं. त्याच आठवड्यात ताई ओढ्यावर गोधड्या धूत होती. टाचेला काच लागलेली. जखम चिघळली. एकामागून एक औषधं झाली, एकही लागू पडलं नाही. एकोणिसाव्या दिवशी ताई गेली. औषधाला दाद न देणारे हे जंतू कुठून आले ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाऊजींनी मात्र आपण सोडलेल्या पाण्यातूनच आले, असं मनाशी ठरवून टाकलं. व्हॉल्व्हला साखळी आणि कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

मी देवाला मानणारी बाई. कठड्यावर बसून म्हटलं, "देव मन बघतो, भाऊजी. त्यानं केव्हाच माफ केलं असेल."

"देवाचं ठीक आहे गं. तुझ्या ताईला विचारायचं राहून गेलं."

मी पिशवीतले त्यांचे कपडे काढून पुन्हा घड्या घालत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यातून ते उठले नाहीत.

त्या दिवशी कठड्यावरच त्यांनी किल्ली गळ्यातून काढली. घामानं दोरा काळा पडला होता.

"ही तुझ्याकडे ठेव. तुझ्याइतकं हट्टी माणूस आपल्यात दुसरं नाही. शाळेत तुझ्या हेडमास्तरांनीसुद्धा हात टेकले होते."

"हो, चिडवा अजून."

"ऐक. मंगळवारी वाफे भरलेत, पुढच्या मंगळवारी उघडायचं. मधे मुकादम येईल, गोड बोलेल. मालकही येईल. कदाचित मीच इस्पितळातून फोन करीन, जाऊ दे, सोड पाणी म्हणून. मी एकदा ऐकलंय त्यांचं, माझा भरवसा नाही. मी सांगितलं तरी उघडू नकोस."