अर्धा आटा मागे

सगळा बाजार तिला ठिणगी म्हणायचा. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याने तिच्या ग्राइंडरखालून उडणाऱ्या ठिणग्याही बघितल्या असणार आणि तिच्या नाकावरचा रागही. वय पंचेचाळीस, उंची बेताची, दोन्ही हातांवर पत्र्याच्या कडांनी काढलेल्या बारीक पांढऱ्या रेघा. धंदा? कॉम्प्युटरची कॅबिनेट बनवायची. दुकानात तयार मिळतात ते काळे ठोकळे नव्हेत हो. गिऱ्हाईक म्हणेल त्या मापाची, म्हणेल त्या आकाराची, पोलादाचा कोरा पत्रा आणि अ‍ॅक्रिलिकची शीट समोर ठेवून, पहिल्या रेघेपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत हाताने घडवलेली.

हे हात बापाचे. बाप पत्र्याच्या ट्रंका करायचा. थोरल्याला, म्हणजे दादाला, त्याने तीनदा शिकवायला घेतलं आणि तिन्ही वेळा दादाचं डोकं दुखलं. आवाज सहन होत नाही म्हणे. धाकटीला कुणी शिकवायला घेतलंच नाही, ती आपली बापाच्या शेजारी बसून शिकली. दहाव्या वर्षी ती नुसतं बोट फिरवून सांगायची, ही कड कानस मागतेय. पुढे ट्रंका कुणी घेईना, बापही गेला, आणि तिने त्याच हत्यारांवर पहिलं कॅबिनेट केलं.

दुकानाची रचना ऐका, म्हणजे तिच्या रागाचं मूळ कळेल. पुढे काउंटर, त्यावर दादा. मध्ये प्लायवूडची भिंत. मागे ती. प्लायवूड असं पातळ की पुढे कुणी शिंकलं तर मागे रुमाल शोधावा. वीस वर्षं ती त्या भिंतीआडून एकच संवाद ऐकत आली.

"वा! काय काम आहे! कारागीर कोण?"

"कोण म्हणजे? आपणच की." हा दादा.

"आणि मागे आवाज कसला येतोय?"

"बहीण आहे. मदत करते. पुसायला-बिसायला."

पुसायला-बिसायला! दीड मिलिमीटरचा पत्रा वाकवताना वाकण्यात किती माप जाणार, याचा हिशोब ती डोक्यात करायची. मदरबोर्डची नऊ भोकं केसाच्या फरकाने जुळवायची. आणि आयत्या बिळावरचा हा नागोबा पुढे बसून फणा काढायचा. तळपायाची आग मस्तकात जायची तिच्या. पण काढणार कुणावर? ग्राइंडरवर. त्या दिवशी ठिणग्या जरा लांब उडायच्या, इतकंच.

जीभही काही कमी नव्हती तिची. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, मला एकही भोक नसलेलं कॅबिनेट हवं, दिसायला स्वच्छ. दादा म्हणाला, होऊन जाईल साहेब! ती मागून ओरडली, "होईल की! वर झाकण ठेवा आणि बटाटे उकडून घ्या त्यात!" गिऱ्हाईक गेलं. दादा आठवडाभर फुगून बसला. आई वरच्या खोलीतून म्हणाली, तोंड आवर गं, धंदा त्याच्या नावावर चाललाय. ती म्हणाली, धंदा माझ्या हातांवर चाललाय, नाव त्याने नुसतं वर चिकटवलंय. आईने खिडकी लावून घेतली.

त्या वर्षी शहराच्या मोठ्या सभागृहात हाताने घडवलेल्या कॅबिनेटांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. प्रत्येक वस्तूपुढे एक कार्ड आणि कार्डावर लिहायचं, निर्मिती अमुक अमुक. ठिणगीने ते पत्रक वाचलं आणि दादापुढे ठेवलं.

"यात मी एक करणार. माझ्या मनासारखं. आणि कार्डावर माझं नाव लागलं पाहिजे. दुकानाचं नको, तुझं नको. माझं."

"अगं लागेल की! त्यात काय एवढं?"

"शपथ घे."

"आईची शपथ. झालं?"

पाच महिने खपली ती. गिऱ्हाइकांची कामं संपली की आपलं काढायची. बापाच्या ट्रंकेचा घाट, पण उंची हातभर. तसंच गोल कडांचं झाकण, कोपऱ्यांना तसेच ठोकलेले पत्र्याचे तुकडे, पुढच्या बाजूला हवेसाठी अकराशे चाळीस भोकं. एकेक हाताने पाडलेलं, एकेकाची कड आतून घासलेली. ड्रिलची नऊ पाती मोडली. आणि एका अंगाला अख्खी अ‍ॅक्रिलिकची काच, सोळा स्क्रूंवर बसवलेली.

या काचेचं एक सांगायलाच हवं, कारण पुढे सगळं तिच्यावरच येणार आहे. अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, तापलं की फुगतं, पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवायचं, खाली रबराची चकती घालायची, स्क्रू आवळायचा आणि मग अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, मागे घ्यायचा. काचेला हलायला तेवढी जागा. बाप ट्रंकांचा माणूस, त्याला हे माहीत नव्हतं. हे तिचं तिने शिकलेलं, सहा काचा फोडून. अर्धा आटा मागे घेतला की बोटाने टकटक केल्यावर काच किंचित वाजते. वाजली की तिला बरं वाटायचं.

प्रदर्शनाच्या सकाळी दादा कॅबिनेट घेऊन टेम्पोने पुढे गेला. ती दुकान बंद करून, केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून बसने निघाली. पर्समध्ये सवयीने एक स्क्रूड्रायव्हर. बसमध्ये शेजारच्या बाईला तिने आपण होऊन सांगितलं, आज माझं काम मांडलंय हो तिथे. असं ती जन्मात कुणाला बोलली नव्हती.

सभागृहात तिचं टेबल तिला लांबूनच दिसलं. दोन्ही बाजूंनी प्रखर दिवे सोडलेले, आत कॉम्प्युटर चालू, ट्रंक नुसती झळकत होती. माणसं वाकून वाकून बघत होती. तिचा ऊर भरून आला. ती गर्दीतून पुढे सरकली, कार्ड वाचलं.

निर्मिती, आणि पुढे ठळक अक्षरांत दादाचं नाव.

 तिने दादाचा दंड असा धरला की तो कळवळला.

"हे काय आहे?"

"हळू बोल गं, लोक आहेत. फॉर्म भरताना सवयीने माझं लिहून गेलं. आणि कळलं ते आज सकाळी, आता काय बदलायचं? घरचंच नाव आहे ना?"

"आईची शपथ घेतली होतीस!"

"आईच म्हणाली, तुझं लाव म्हणून."

आता बोला! वीस वर्षं गिळलेलं सगळं तिच्या घशाशी आलं. ती तोंड उघडणार, इतक्यात तिची नजर काचेवर गेली आणि घशातलं घशातच राहिलं. सोळाही रबरी चकत्या चेपून पापडासारख्या झालेल्या. तिने टकटक केलं. काच वाजली नाही.

"स्क्रूंना हात लावलास?"

"लावला म्हणजे? टेम्पोत खडखड करत होती तुझी काच! सोळाच्या सोळा ढिले! किती हलगर्जीपणा! बरं झालं मी बघितलं. जाम आवळून टाकले."

"दादा, बाजूला हो. आत्ता सोडते, दोन मिनिटांचं काम आहे."

"आता काही हात लावायचा नाही! परीक्षक आले बघ!"

परीक्षक तिघे होते. पुढे एक उंच, पिकल्या केसांची बाई. आयुष्यभर कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढलेली, चष्मा दोरीने गळ्यात. तिने ट्रंकेच्या कडेवरून बोट फिरवलं, थेट ठिणगी फिरवते तसं.

"सुंदर," ती म्हणाली. "कुणाचं काम?"

"आपलंच," दादा कार्डाच्या बाजूला छाती काढून उभा राहिला. "लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली शिकलोय मी."

लाज नावाची चीज बाजारात विकत मिळत नाही म्हणून, नाहीतर त्या दिवशी ठिणगीने त्याच्यासाठी किलोभर आणली असती. ती दोन हात अंतरावर उभी होती. दिवे तापले होते. आतला कॉम्प्युटरही तापला होता. तिला काचेशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. दादाची बडबड चालू होती, अकराशे चाळीस भोकं मी अशी पाडली आणि तशी पाडली, आणि तेवढ्यात आवाज आला.

कट्.

वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूपासून एक चीर निघाली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिरकी खालपर्यंत गेली. गर्दीतून कुणीतरी अरेरे म्हणालं. परीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दादाकडे बघितलं.

 दादाने हात लांब करून ठिणगीकडे बोट दाखवलं.

"हिने केलंय. माझ्या बहिणीने. सगळं हिनेच केलंय, मी फक्त आणून ठेवलं!"

ऐकलंत? वीस वर्षं. शेकड्यांनी गिऱ्हाइकं आली, वाहवा करून गेली, तेव्हा एकदाही या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. निघालं ते काच फुटल्यावर. कौतुक आलं तर माझं आणि बोभाटा झाला तर तिचं! संताप येतो हो, नुसतं सांगतानाही संताप येतो.

ठिणगी पुढे आली. आवाज चढवला नाही तिने, गरजच पडली नाही, सगळा घोळका तिच्याकडेच वळला होता.

"हो, मीच केलंय. ऐकलंत ना सगळ्यांनी? हाच म्हणाला. पहिल्या रेघेपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत मी केलंय. आणि काच का फुटली तेही सांगते."

तिने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला.

परीक्षक बाईंनी विचारलं, "भोक केवढं ठेवलंय?"

"स्क्रूपेक्षा एक मिलिमीटर मोठं."

"आणि आवळल्यावर?"

"अर्धा आटा मागे."

बाई दादाकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"मी... ते वाजत होतं म्हणून घट्ट केले," दादा म्हणाला, आणि घोळक्यातले जे या कामातले होते ते सगळे एकदम हसले. असं हसू दादाच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

ठिणगीने सोळा स्क्रू काढले, तडकलेली काच अलगद उचलून दादाच्या हातात दिली. आत ट्रंक उघडी पडली. आतल्या कडा, घासलेल्या. वायरींच्या वाटा, मापून काढलेल्या. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "फुटलेल्या वस्तूला बक्षीस देता येत नाही. नियम आहे."

"नकोच," ठिणगी म्हणाली. "ते कार्ड तेवढं नीट करा."

बाईंनी खिशातलं पेन काढलं, दादाचं नाव खोडलं, तिला तिचं नाव विचारलं. ठिणगी, असं तोंडावर आलं होतं तिच्या. पण तिने खरं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि बाईंनी ते सावकाश लिहिलं.

परतताना टेम्पोत दादा मांडीवर काच घेऊन बसला होता. निम्मा रस्ता सरल्यावर त्याला कंठ फुटला.

"काही म्हण, पण माझ्यामुळेच तुझं नाव लागलं. मी बोललोच नसतो तर?"

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याला खरंच तसं वाटत होतं! चेष्टा नव्हती करत तो. तिला एवढा राग आला की तो रागच थंड पडला. दुकानाशी उतरल्यावर तिने ते कार्ड काउंटरच्या वर, बरोब्बर मध्यभागी, रिव्हेटने ठोकलं. मग प्लायवूडच्या आतल्या बाजूला, आपल्या पाटासमोर, ती ट्रंक, एक नवी काच, सोळा स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर मांडला.

"उद्यापासून काउंटरवर मी. तू मागे."

"मी? मला जमणार आहे का ते?"

"बस. एकेक स्क्रू लाव, अर्धा आटा मागे घे, टकटक करून दाखव. वाजली नाही तर सोडायचं, परत लावायचं."

"अगं, पण आवाजाने माझं डोकं दुखतं."

"माझं वीस वर्षं दुखतंय," ती म्हणाली, आणि काउंटरमागच्या खुर्चीत जाऊन बसली.