इंग्रजीला मात्रा

आमचे इंग्रजीचे मास्तर बोलता बोलता मध्येच थांबत आणि कानाला हात लावत. दुपारी सरकी काढायच्या जिनाचा भोंगा झाला की म्हणत, "ऐका, किती लांब ऊ आहे." मग बराच वेळ सातपुड्याकडे बघत बसत. जळगाव जामोदच्या शाळेत मी तेव्हा गणित शिकवायला नवा होतो. पोरांनी त्यांचं नाव मात्रामास्तर ठेवलं होतं आणि त्यांना ते आवडायचं.

नावाचं कारण असं, की मास्तर इंग्रजी अक्षरांना लाल शाईनं आपल्या मात्रा देत. ब्लड, गुड आणि फूड, तिन्ही शब्दांत तेच दोन ओ. ते गुडखाली पहिला उकार काढत, फूडखाली दुसरा, आणि ब्लडवर नुसता ठिपका. म्हणायचे, "इंग्रजायनं एवढ्या रेलगाड्या आणल्या, पण भाषेले अक्षरं देल्ली स्वराची पाचच. लय गरीब भाषा आहे बिचारी." एक दिवस विलायतेतली पोरंही अशीच वाचतील, असं त्यांना खरंच वाटे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. नागपूरकडून तपासणीला साहेब आले. फळ्यावरचा मात्रांचा धडा एका मुलानं झरझर वाचला. साहेब खूश झाले. मग त्यांनी साधं छापील पुस्तक पुढं केलं. मुलगा पहिल्याच ओळीत 'ब्लूड' म्हणून अडला आणि रडवेला झाला.

साहेब रागावले नाहीत. "मास्तर," ते म्हणाले, "परीक्षेच्या कागदावर तुमच्या मात्रा नसणार."

मास्तरांनी फळा स्वतः पुसला. संध्याकाळी वाटेत मला म्हणाले, "साहेबाचं बरोबर आहे. लेकरायचं वरीस माह्या हौसेपायी काऊन घालवू?" दुसऱ्या दिवसापासून ते इतरांसारखं स्पेलिंग घोकून घेऊ लागले. भोंगा झाला तरी थांबेनासे झाले.

हे पाहवेना त्यांच्या बायकोला. काकू कधी शाळेत गेल्या नव्हत्या, मराठी अक्षरं तेवढी येत. एका दुपारी मी बसलेलो असतानाच त्या लाल शाईची दौत घेऊन ओसरीवर आल्या.

"मले कोनती परीक्षा द्याची हाय?" त्या म्हणाल्या. "लावा मात्रा, अन् मले शिकवा."

पुढं माझी बदली मेहकरला झाली. सुट्टीत गेलो, की काकू मात्रा लावलेलं कवितांचं पुस्तक मांडीवर घेऊन वाचत असायच्या. समुद्राच्या कविता जास्त. दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. मास्तर डोळे मिटून पडलेले असत, आणि दीर्घ स्वर आला की त्यांचा हात हवेत हळूच वर जाई.

नंतर मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली. अर्धं पुस्तक मात्रांविना कोरंच राहिलं होतं. मग काकू एकेक अक्षर सांगत, मास्तर शब्द उच्चारत, आणि त्या उच्चारासारखी मात्रा काकू स्वतः काढत. दुपार कशी कलायची ते दोघांनाही कळत नसे.

मास्तर गेल्याचं मला उशिरा समजलं. भेटायला गेलो तेव्हा काकू ओसरीवरच होत्या. पुस्तक उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. त्याच्या पुढचं पान कोरं होतं.

"इथलोक वाचता येते मले," त्या म्हणाल्या. "पुढचं सांगायचं राह्यलं त्यायचं."

मी दौत जवळ ओढली. पुढचा शब्द चंद्राचा होता, मून. मी तो म्हटला. काकूंनी टाक उचलला, पण कागदाला लावला नाही. काहीतरी ऐकत असल्यासारख्या त्या थोडा वेळ बसून राहिल्या.

"ते जराक लांबवत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सावकाश दुसरा उकार काढला.