तात्यांना बूट काढायला मी लावले

गटातल्या मंडळींनो, बारामतीच्या दवाखान्यासमोरच्या सायबर कॅफेतून हे लिहितोय.

इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये सगळे चपला दाराबाहेर काढून येतात. बायबलमध्ये देवाने मोशेला पवित्र जागी जोडे काढायला सांगितले, तेच आम्ही पाळतो.

पणदऱ्याच्या तात्यांना मधुमेह आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी ते कापडी बूट घालून आत आले. दाराशी मी होतो.

"तात्या, देवाच्या घरात बूट?"

सतरंजीवरून कुणीतरी हसलं, "तात्या सायेब झालं जणू!"

तात्या ओशाळले. "डॉक्टरनं सांगितलंय रं, अनवाणी फिरू नका म्हून."

मी ते ऐकलं, तरी वाट सोडली नाही. तात्यांनी बाहेर जाऊन बूट काढले.

उपासना संपल्यावर ते बाहेर तापलेल्या फरशीवर बूट न घालता तसेच गप्पा मारत उभे राहिले. तळवे बधिर झालेले, त्यामुळे चटका कळलाच नाही. फोड आले, चिघळले. आज सकाळी डॉक्टरांनी त्यांचा उजवा पाय घोट्याच्या वर कापला.

दुपारी मी त्यांच्याजवळ बसून माफी मागितली.

"तुजं काय चुकलं?" तात्या म्हणाले. "लोकं हसली, मला लाज वाटली. आता एकच बूट ऱ्हायला. त्योबी बाहीरच काढीन, काळजी करू नगंस."

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

मंडळी, परवा रविवार आहे. दाराशी उभं राहायची पाळी माझीच आहे. कसा उभा राहू?